घरच्या पूलचा वाळूचा फिल्टर: बॅकवॉश केव्हा आणि कसा

लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांत पूल असला की पंपाशेजारी बहुधा फायबरची गोल टाकी दिसते. हाच वाळूचा फिल्टर: पूलचं पाणी आतल्या वाळूतून गाळलं जातं. टाकीवर पाण्याची वाट बदलणारा दांड्याचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह आणि एक छोटा प्रेशर गेज असतो. देखभाल करायची ती हा गेज बघून. बॅकवॉश म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुणं. 'दर रविवारी बॅकवॉश' अशी सवय माळ्याला लावली असेल तर ती मोडा. वाळूत थोडा मळ धरला की कणांमधल्या फटी अरुंद होतात आणि जास्त बारीक कचरा अडतो. सारखा धुतलेला फिल्टर तो सोडून देतो, म्हणून पाणी गढूळच राहतं.

बॅकवॉश झाल्या झाल्या, पानं-कचरा अडवणाऱ्या बास्केट साफ असताना, गेजवरचा आकडा मार्करने टाकीवर लिहून ठेवा. समजा तो १२ पीएसआय (दाबाचं एकक) आहे. काटा २० ते २२ वर, म्हणजे मूळ आकड्यापेक्षा ८ ते १० ने वर गेला, की बॅकवॉश करायचा. एरवी यात बरेच दिवस जातात, पण पावसात लाल माती वाहून पूलमध्ये आली तर एका दिवसातही काटा चढतो.

आधी पंप बंद करा, दांडा खाली दाबून 'बॅकवॉश'वर न्या, ड्रेनचा पाइप मोकळा आहे ना ते बघा आणि मग पंप चालू करा. व्हॉल्व्हच्या काचेत पाणी आधी मातकट दिसेल. ते नितळ होईपर्यंत, साधारण २ ते ३ मिनिटं, चालू द्या. पंप बंद करून 'रिन्स'वर अर्धा ते एक मिनिट चालवा, नाहीतर वर उचलला गेलेला मळ थेट पूलमध्ये येतो. पुन्हा पंप बंद, 'फिल्टर', पंप चालू.

दांडा फिरवताना दरवेळी पंप बंदच हवा. व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गॅस्केट असतं. चालू पंपावर दांडा फिरवला की ते खोबणीतून उखडतं. मग 'फिल्टर'वर असतानाही ड्रेनमधून पाणी झिरपतं, पूलची पातळी रोज थोडी उतरते आणि लोक टाइल्समधली गळती शोधत बसतात. पातळी उतरतेय असं वाटलं तर आधी ड्रेनच्या पाइपाचं तोंड बघा.

२४ इंची फिल्टरच्या एका बॅकवॉशला सहज ५०० लिटर पाणी जातं. त्यात क्लोरीन असतं, म्हणून ते विहिरीत किंवा झाडांच्या आळ्यात सोडू नका. पूलमध्ये पाण्याची भर घातल्यावर क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखात इतके भाग) आणि पीएच ७.२ ते ७.६ आहे ना, ते तपासा.

काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर दोष फिल्टरच्या अलीकडे असतो: स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या तोंडाची) किंवा पंपाची बास्केट पानांनी भरलेली, नाहीतर पंपाच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, सुकून हवा ओढतेय. अशा वेळी पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसतात. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. व्हॅसलीनने काही रबरं फुगतात.

बॅकवॉश करूनही काटा लगेच चढत असेल तर वाळूचे गोळे झालेत असं समजा. सनस्क्रीन, अंगाचं तेल आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार यांनी ते होतात. तुरटीने तळाशी बसवलेला गाळही वाळूला चिकटतो, म्हणून तो व्हॅक्यूमने ओढताना व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवा, म्हणजे पाणी वाळूतून न जाता थेट ड्रेनमध्ये जातं. पूलच्या तळाशी वाळू सापडू लागली तर टाकीच्या बुडातली फटींची नळी, म्हणजे लॅटरल, मोडलेली असण्याची शक्यता मोठी.

वाळू साधारण ५ ते ७ वर्षांनी बदलावी. बांधकामाची किंवा नदीची वाळू चालत नाही, तिच्यात माती असते आणि दाणे लहानमोठे असतात. टाकीच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या जाडीचीच सिलिका वाळू आणा. मधल्या उभ्या नळीचं तोंड टेपने बंद करा आणि टाकी अर्धी पाण्याने भरा. मग वाळू हळूहळू सोडा, म्हणजे लॅटरलवर आपटणार नाही. वर मोकळी जागा ठेवा, कारण बॅकवॉशमध्ये वाळू उचलली जाते. टेप काढून, झाकण बसवून, आधी बॅकवॉश आणि मग रिन्स करा. थेट 'फिल्टर'वर चालवलं तर नव्या वाळूची सगळी पूड पूलमध्ये उतरते.