स्क्रीन काळी झाली म्हणजे कॉम्प्युटर लॉक झाला असं नाही

मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. माझ्या स्क्रीनवर दिवसभर कुणाचा ना कुणाचा पॅन, आधार, बँक खात्याचा नंबर उघडा असतो. विंडोज ११ वर मी लॉक कसा लावते ते सांगते.

१. पिन किंवा पासवर्ड ठेवा. तो नसेल तर लॉक नुसत्या एंटरने उघडतो.

२. उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू. चालू काम तसंच राहतं, काही बंद करावं लागत नाही.

३. आपोआप लॉक. इथे मी स्वतः फसले होते. ‘पाच मिनिटांनी स्क्रीन बंद’ एवढं सेटिंग केलं आणि निर्धास्त झाले. एकदा चहा घेऊन परतले, तर समोर बसलेल्या गृहस्थांचा हात माउसला लागलेला आणि दुसऱ्याच अशिलाचा फॉर्म स्क्रीनवर उघडा. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण त्या अशिलाला काय सांगायचं या विचाराने मला घाम फुटला. बऱ्याच डेस्कटॉपवर या सेटिंगने फक्त उजेड जातो, कुलूप लागत नाही. ‘स्क्रीन बंद होऊ द्या, पुरे’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

स्टार्टमध्ये ‘स्क्रीन सेव्हर’ शोधा. ‘ब्लँक’ निवडा, ‘वेट’मध्ये ३ मिनिटं घाला आणि शेजारच्या ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’ या चौकोनात टिक करा. सगळी मदार या टिकेवर आहे. मग ‘अप्लाय’ करून तीन मिनिटं हात न लावता बसा आणि माउस हलवा. पिन मागितला तरच काम झालं. व्हिडिओ चालू असेल तर ही वेळ लागू होत नाही, म्हणून विंडोज-एलची सवय सोडू नका.

ब्लूटूथने फोन जोडून, फोन लांब गेला की लॉक करणारा ‘डायनॅमिक लॉक’ही आहे. मी त्यावर विसंबत नाही. चहाला जाताना फोन टेबलावरच राहतो.

४. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे जाऊन लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन दाखवण्याची टिक काढा. नाहीतर लॉक असतानाही कुणाचा मेल आला ते समोरच्याला दिसतं.