कुत्रं उठताना अडखळतंय? आधी गोचीड अन् वजन पाहा, मग सप्लिमेंट

आमचा शेरू १० वर्षांचा. जागलीवर असायचा, रानडुकराची चाहूल लागली की धुऱ्यापर्यंत सुसाट. दोन हिवाळ्यांमागं एका पहाटे पाहतो तर बंडीखालून उठायला बघतोय, पुढचे पाय टेकले पण मागचं धड वर येईना, दोनदा खाली बसला, मग कसाबसा उठला अन् पहिली वीस-पंचवीस पावलं लाकडासारखी टाकली, मग जरा मोकळा झाला. शेजारचे काका म्हणे, "म्हतारं झालं ना बापा थे, आता असंच चालन." मीपण महिनाभर तेच धरून बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण झिजलेले सांधे दुखत असले तरी कुत्रं ओरडत नाही, ते फक्त बाजेवर उडी मारणं सोडते, एकच सांधा चाटत बसते, मागच्या मांड्या बारीक होत जातात, आपण म्हणतो शांत झालं.

तर पहिलं काम दुकानात जाऊन सप्लिमेंटचा, म्हणजे सांध्यासाठीच्या पूरक गोळ्या-तेलाचा, डबा आणणं नाही. पहिलं काम डॉक्टर. आपल्याकडं गोचीड लय, अन् गोचीडतापातही सांधे दुखतात, आज या पायानं लंगडते, उद्या दुसऱ्या, सोबत ताप, सुस्ती, खाणं कमी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात घालून पाहा. शंका असली तर रक्त तपासा, त्यावर औषध आहे, साधारण चार आठवड्यांचा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स असतो, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा. गोचीडताप असताना तुम्ही सांध्याच्या गोळ्या चारत बसलात तर कुत्रं हातचं जाईल. गावात सोय नसली तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, अन् जास्तच असलं तर नागपूरला सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज.

दुसरं वजन. हे कोणाला आवडत नाही, कारण घरात सगळेच तुकडा टाकतात, आजी पोळी, पोरं बिस्किट, अन् दूधभाकर वेगळी. पण सांध्यासाठी याच्याएवढं कामाचं दुसरं काहीच नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर जन्मभर पाहिले, दोन-दोनच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं, ते सडपातळ कुत्रे जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले अन् त्यांचे सांधे उशिरा खराब झाले. तुमच्या कुत्र्याचं कसं पाहायचं तर आपला एक पंजा उघडा अन् त्याच्या मागच्या बाजूनं दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, हाडं जशी सहज लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर वजन जास्त आहे. वजन करायला त्याला उचलून धान्याच्या काट्यावर उभं राहा, मग आपलं वजा करा. शेरू २४ किलोचा निघाला, बिस्किटं बंद केली, भाकर अर्धी केली, चार महिन्यांत २१ वर आला, अन् खरं सांगतो निम्मा फरक तिथंच दिसला.

आता सप्लिमेंट. ज्याला सगळ्यात चांगला पुरावा आहे ते म्हणजे माशाचं तेल, म्हणजे ओमेगा-३, त्यातले ईपीए अन् डीएचए हे दोन घटक सांध्याची सूज कमी करतात. लोक विचारतात, आपल्याकडं जवस पिकते, जवसाची चटणी माणसाला चालते तर कुत्र्याला का नाही? जवसात ओमेगा-३ असते पण वेगळ्या रूपात, कुत्र्याच्या अंगात त्याचं ईपीए लय कमी बनते, म्हणून सांध्यासाठी जवसावर भिस्त ठेवू नका. साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा १८० ईपीए अन् १२० डीएचए असते, म्हणजे कामाचं ३०० च, डब्याच्या मागं बारीक अक्षरात वाचा. किलोमागे साधारण १०० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला २०००, तशा सहा-सात कॅप्सूल होतात, म्हणून जास्त ताकदीची मिळाली तर परवडते. पण पहिल्या दिवशी एकच, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर जुलाब लागतात. नेमका डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा, विशेषतः गोचीडतापात प्लेटलेट कमी असल्या किंवा ऑपरेशन व्हायचं असलं तर, कारण जास्त तेलानं रक्त गोठायला वेळ लागू शकते.

मी सुईनं कॅप्सूल टोचतो, तेल कुस्करलेल्या भाकरीवर पिळतो अन् टोचताना वास घेतो. आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात डबा कपाटात ठेवला तर तेल खवट होते, खवट वास आला की फेकून द्या, अन् नवा डबा फ्रिजमध्ये ठेवा. अन् कॉडलिव्हर ऑइल, म्हणजे कॉड माशाच्या लिव्हरचं तेल, हे ते तेल नाही बरं, त्यात ए अन् डी जीवनसत्त्व भरपूर असते, एवढ्या प्रमाणात दिलं तर बाधते.

ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेत असणारे घटक, यांच्या गोळ्या सगळीकडं खपतात. २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात ओमेगा-३ चा फायदा दिसला, याचा नाही. म्हणून माझं मत असं, पैसे मोजके असतील तर तेलावर घाला. द्यायच्याच असतील तर कुत्र्यांसाठीच्या घ्या, दोन महिने देऊन पाहा अन् फरक नसला तर बंद करा. माणसांच्या चघळायच्या गोळ्या नकोतच, काहींमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला विष.

कॅल्शियमबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. लंगडणारं कुत्रं दिसलं की कोणीतरी गाई-म्हशीची कॅल्शियमची बाटली हातात देते, मलाही एका दुकानदारानं दिली होती. झिजलेल्या सांध्याला त्याचा उपयोग नाही, अन् मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम घातलं तर हाडं वाकडी वाढतात. तसंच घरातली डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, पॅरासिटामॉल, काहीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नको, पोटात रक्तस्राव होते, किडनी किंवा लिव्हर जाते. कुत्र्यांची वेगळी दुखण्याची औषधं डॉक्टरांकडं असतात.

बाकी घरचं. ओल्या जमिनीवर झोपवू नका, पोत्यात गव्हाचं कुटार भरून गादी करा, सोयाबीनचं टोचते. गुळगुळीत टाइलवर पाय घसरतात तिथं पोतं अंथरा, नखं वाढली असतील तर कापा. फिरवणं बंद करायचं नाही, दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं हळूहळू, उन्हाळ्यात पहाटेच, पण आठवडाभर बांधून ठेवून रविवारी वावरभर पळवणं मात्र नको.

सुरू करायच्या आधी मोबाईलवर सकाळी उठतानाचा व्हिडिओ काढा, मग दर रविवारी त्याच जागी एक. रोज पाहताना फरक कळत नाही, व्हिडिओत कळतो. शेरूचा सहाव्या आठवड्याचा व्हिडिओ माझ्याकडं आहे, बंडीखालून एका दमात उठला अन् अंग झाडलं. रानडुकरामागं आता तो जात नाही, धुऱ्यावर उभा राहून भुंकतो. अन् तुमच्या व्हिडिओत दोन महिन्यांनंतरही काहीच हललेलं दिसलं नाही, किंवा कुत्रं पाय टेकवेनासंच झालं, तर तोच मोबाईल घेऊन डॉक्टरांकडं जा अन् एक्स-रे काढून घ्या.