अमेरिकेतल्या छोट्या गावात कुठल्या वंशाचे किती लोक, हे कसं शोधायचं आणि कसं वाचायचं

अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या गावाची माहिती काढली की एक ठरलेलं वाक्य भेटतंच. इतके टक्के गोरे, इतके टक्के कृष्णवर्णीय, इतके एशियन, आणि मग शेपटीला "हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (म्हणजे मेक्सिको, क्युबा अशा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेले), कुठल्याही वंशाचे, इतके टक्के". बेरीज करायला गेलं तर १०० च्या वर जाते आणि माणूस वैतागून सोडून देतो. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला चाललीय म्हणून बघताय, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, की नुसतीच उत्सुकता, काहीही असो, हा आकडा थेट मूळ टेबलवरून काढता येतो, फुकट, आणि त्याला फार डोकंही लागत नाही. डोकं लागतं ते आकडा समजून घ्यायला.

१. आधी गाव नक्की कुठलं ते ठरवा

हे फालतू वाटेल पण निम्मा गोंधळ इथेच होतो. सेन्ससच्या (म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या) हिशोबात "प्लेस" दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेलं गाव, दुसरं म्हणजे सीडीपी, म्हणजे लोक त्याला गाव म्हणतात पण कायद्याने तिथे वेगळी नगरपालिका नाही, सेन्ससवाल्यांनी मोजणीपुरती सीमा आखलेली असते. आणि तिसरी भानगड म्हणजे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातल्या टाउनशिप आणि न्यू इंग्लंडमधले (अमेरिकेच्या ईशान्य टोकाची राज्यं) टाउन, हे "प्लेस" मध्ये सापडले नाहीत तर "काउंटी सबडिव्हिजन" (काउंटी म्हणजे जिल्हा, त्याचे पोटभाग) मध्ये शोधायचे. न्यूयॉर्क राज्यात तर एका टाउनच्या पोटात त्याच नावाचं व्हिलेज असू शकतं, दोघांची लोकसंख्या वेगळी, आकडे वेगळे. पोस्टाच्या पत्त्यावर गावाचं नाव आहे म्हणून घर त्या गावाच्या हद्दीत आहे असंही नसतं, त्यामुळे पिनकोडसारखा जो झिपकोड असतो त्यावरून गाव शोधू नका, नकाशावर सीमा बघून घ्या.

२. कुठला डेटा घ्यायचा

दोन पर्याय आहेत. दर १० वर्षांनी होणारी जनगणना, जी १७९० पासून चालू आहे आणि शेवटची २०२० ला झाली, आणि दुसरा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे म्हणजे एसीएस. एसीएस दरवर्षी होतो पण तो सॅम्पल आहे, देशभरातले साधारण ३५ लाख पत्ते निवडून विचारतात. ज्या ठिकाणी ६५ हजारांहून कमी लोक राहतात त्यांचे एका वर्षाचे नेहमीचे सविस्तर आकडे येत नाहीत, ५ वर्षांची माहिती एकत्र करून अंदाज देतात.

माझं मत स्पष्ट आहे, गाव काही हजारांच्या आतलं असेल तर वंशासाठी जनगणनाच घ्या. एसीएसच्या प्रत्येक आकड्याशेजारी मार्जिन ऑफ एरर (आकडा किती वर-खाली असू शकतो ते) दिलेलं असतं, ते ९० टक्के खात्रीच्या हिशोबाने, आणि छोट्या गावात ते इतकं मोठं असतं की समजा एशियन १२ आणि मार्जिन अधिक-उणे १५ असं दिसलं, तर त्याचा अर्थ एकच, असतील किंवा नसतीलही. लोक मार्जिनचा कॉलम लपवून टक्केवारी टाकतात आणि वर "ताजा डेटा" म्हणतात.

३. साइटवर टेबल काढा

सेन्सस ब्युरोच्या डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या साइटवर जा (क्विकफॅक्ट्स नावाचं सोपं पान पण आहे, पण त्यात ५ हजारांहून कमी वस्तीची गावं नसतात, म्हणून आपल्या कामाचं नाही). सर्चमध्ये गावाचं नाव आणि राज्य टाका आणि २०२० च्या जनगणनेतलं "पी२" टेबल मागा. "पी१" मध्ये फक्त वंश आहे. पी२ मध्ये आधी हिस्पॅनिक लोक बाजूला काढलेत आणि उरलेल्यांचे वंशाप्रमाणे भाग पाडलेत, त्यामुळे त्याची बेरीज बरोबर १०० येते. एसीएस वापरणार असाल तर असंच टेबल "बी०३००२" नावाने आहे.

४. वंश वेगळा, एथ्निसिटी (हिस्पॅनिक की नाही) वेगळी

इथे जरा थांबा कारण सगळी गंमत इथेच आहे. २०२० च्या जनगणनेच्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का? दुसरा, तुमचा वंश कुठला? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मोजताना गोरे, कृष्णवर्णीय, अमेरिकन इंडियन (भारतीय नव्हे, तिथले आदिवासी) व अलास्काचे मूळ रहिवासी, एशियन, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे, आणि "इतर" अशा ६ गटांत टाकतात, आणि २००० पासून एकापेक्षा जास्त खुणा करायची मुभा आहे. म्हणजे मेक्सिकोहून आलेलं कुटुंब हिस्पॅनिकमध्ये मोजलं जाईल, आणि वंशाच्या प्रश्नात गोरे, इतर किंवा दोन्ही लिहील. म्हणून वंशाच्या टक्क्यांत हिस्पॅनिकचे टक्के मिळवायचे नाहीत. बेरीज १०० च्या वर जाते ती याच्यामुळे.

आणि हे गट काही निसर्गातून आलेले नाहीत, सरकारने ठरवलेत आणि बदललेत. आपलंच उदाहरण घ्या. १९२० ते १९४० च्या जनगणनांत भारतीयांसाठी वंश म्हणून चक्क "हिंदू" लिहायचे, मग माणूस शीख असो नाहीतर मुसलमान. १९२३ मध्ये भगत सिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नागरिकत्वाच्या कायद्यापुरते भारतीय गोरे नाहीत. मग १९७० मध्ये त्याच भारतीयांना गोऱ्यांत धरलं, आणि १९८० पासून "एशियन इंडियन" असा वेगळा चौकोन आला. १९६० च्या आधी तर बहुतेक वेळा मोजायला आलेला माणूसच तोंडाकडे बघून वंश लिहायचा, आता आपण स्वतः लिहितो.

आजचं उदाहरण म्हणजे मिशिगनमधलं हॅमट्रॅमिक, २०२० ला साधारण २८ हजार लोकांचं शहर. तिथे येमेनी आणि बांगलादेशी दोन्ही मोठ्या संख्येने आहेत, एकाच गल्लीत राहतात, एकाच मशिदीत जात असतील, पण सेन्ससमध्ये बांगलादेशी एशियन आणि येमेनी गोरे, कारण मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका गोऱ्यांच्या व्याख्येत होते. नुसती टक्केवारी वाचणाऱ्याला त्या गावाचा पत्ताच लागणार नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे नियम बदलले, दोन प्रश्नांचा एकच केला आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका असा वेगळा गट दिला, पण २०२० चे आकडे जुन्याच पद्धतीचे आहेत.

५. टक्के सोडा, माणसं मोजा

८० लोकांच्या गावात एक माणूस म्हणजे १.२५ टक्के. एक कुटुंब राहायला आलं की "एशियन लोकसंख्या शून्यावरून ५ टक्क्यांवर", झाली बातमी. म्हणून आधी डोकी लिहा, मग वाटलं तर टक्के.

त्यातही २०२० ला एक नवीन प्रकार झाला. कोणाची वैयक्तिक माहिती ओळखू येऊ नये म्हणून सेन्ससने आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली, डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात त्याला. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवलीय पण खाली गावपातळीवर आकडे थोडे इकडेतिकडे आहेत. नेब्रास्कातल्या मोनोवी या गावात २०१० ला एकच रहिवासी होती, २०२० च्या आकड्यांत दोन दिसले, आणि तिथे तर ती एकटीच राहत होती. आता अशा गावाची वांशिक टक्केवारी काढून काय करणार? डझन-दीड डझन लोकांच्या वस्तीसाठी हे टेबल वापरूच नका.

६. तुरुंग किंवा हॉस्टेल आहे का बघा

ही स्टेप बहुतेक जण विसरतात. सेन्सस माणसाला तो जिथे नेहमी राहतो-झोपतो तिथे मोजतो, म्हणजे कैदी तुरुंगाच्या गावात आणि स्टुडंट कॉलेजच्या गावात. शेतीवाडीच्या भागातल्या एखाद्या गावात अचानक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो टक्केवारी जास्त दिसली आणि पुरुष बायकांपेक्षा खूपच जास्त निघाले तर आधी "पी५" टेबल उघडा, त्यात तुरुंग, हॉस्टेल, नर्सिंग होम यांत राहणारे किती ते मिळतं. गावात दुकानात, शाळेत जे लोक भेटणार आहेत त्यांच्यात हे कैदी नसतात ना.

७. जुन्या आकड्यांशी तुलना करताना

२०१० आणि २०२० शेजारी ठेवलं की जवळपास सगळीकडे "दोन किंवा अधिक वंश" वाला आकडा उसळलेला दिसेल. देशभरात तो ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेला. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं झाली नाहीत, प्रश्न विचारायची आणि उत्तरं कोडमध्ये टाकायची पद्धत बदलली हे मोठं कारण आहे. तसंच स्वतःला फक्त गोरे म्हणवणारे हिस्पॅनिक २ कोटी ६७ लाखांवरून १ कोटी २६ लाखांवर आले, माणसं कुठे गेली नाहीत, खुणा बदलल्या. त्यामुळे "गावातले गोरे घटले" असं लिहायच्या आधी पी२ मधले हिस्पॅनिक नसलेले गोरे दोन्ही वर्षांचे बघा, तिथेही घट असेल तर थोडं बोलता येईल.

मोजणीत सुटलेलेही सारखे नसतात. सेन्ससच्या स्वतःच्या तपासणीत २०२० ला हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के आणि कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी मोजले गेले, रिझर्व्हेशनवरचे (आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरचे) अमेरिकन इंडियन ५.६४ टक्के कमी, तर एशियन उलट २.६२ टक्के जास्त. हे देशाचे आकडे आहेत, तुमच्या गावाला तसेच्या तसे लावू नका, पण रिझर्व्हेशनवरचं गाव असेल तर लक्षात ठेवा.

८. लिहायचं कसं

वर्ष, टेबलचा नंबर, एकूण लोक, मग गट. समजा असं: "२०२० च्या जनगणनेनुसार (पी२) गावात ४१२ लोक, त्यातले हिस्पॅनिक ३८, बाकीच्यांत गोरे ३४१, अमेरिकन इंडियन ११, एशियन ४, दोन किंवा अधिक वंश १८." दशांशातले टक्के इथे नकोत, ४१२ लोकांत ०.९७ टक्के म्हणजे चार माणसं, मग चारच लिहा. आणि ते चार भारतीय आहेत का हे शोधायला गेलात तर इतक्या छोट्या गावात बहुधा हाती काही लागणार नाही, उपगटांची माहिती ठरावीक संख्येच्या वर लोक असतील तरच देतात.