डाग निघत नाही? या चुका टाळा

ठेच्यासाठी मिरच्या चिरल्या की हातांची आग होते आणि आपण नळाखाली हात धरून बसतो. पाणी वाहतंय तोवर बरं वाटतं, नळ बंद केला की पुन्हा भगभग. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात मात्र विरघळतं. आधी हातांना गोडेतेल चोळा, मग साबणाने धुवा. चिरण्याआधीच तेलाचा हात फिरवला तर उत्तमच.

तेल-पाण्याचं वैर असतं म्हणतात, पण वैर वगैरे काही नाही. पाण्याचा रेणू वाकडा. ऑक्सिजनकडे किंचित ऋण प्रभार, हायड्रोजनकडे किंचित धन; अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. त्यामुळे हे रेणू एकमेकांना धरून असतात. मीठ-साखरेकडे त्यांना धरण्याजोगं काहीतरी असतं, तेलाकडे नसतं. म्हणून तेल बाहेरच राहतं.

सगळ्यात जास्त गडबड हळदीच्या डागाची. शर्टावर आमटी सांडली, साबण घासला, डाग लालभडक! घाबरून आपण आणखी घासतो. खरं तर साबणाच्या अल्कलीने हळदीचा फक्त रंग बदललेला असतो, लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. आधी आमटीचं तेल भांड्यांच्या साबणाने काढा. शर्ट वाळला की डागाखाली जुना पंचा ठेवून वरून स्पिरिटचा (म्हणजे अल्कोहोलचाच) बोळा टिपत राहा. पंचा विसरलात तर विरघळलेली हळद बाजूला पसरून डाग दुप्पट होतो (हे मी करून बसलोय). उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो, पण ते विरघळणं नव्हे. उजेडाने रंगाचा रेणूच मोडतो.

‘ध्रुवीय आहे ना, मग पाण्यात विरघळणारच’ हा विद्यार्थ्यांचा लाडका गैरसमज. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, तरी 100 मिली पाण्यात 1 ग्रॅमही विरघळत नाही.

आणि जालीम द्रावक (विरघळवणारा द्रव) म्हणजे चांगला द्रावक, हेही खरं नाही. एका गणपतीत थर्माकोलच्या मखराला मी रबर सोल्युशन लावलं. थर्माकोल अध्रुवीय, त्या डिंकातला द्रावकही तसलाच. कमानीला बघता बघता खळगा पडला. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन अ‍ॅसिटेटच्या कापडाला असंच खातं, तेव्हा आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. स्पिरिट वापरताना गॅस बंद, खिडकी उघडी.