हातातल्या फ्लेअरिंग टूलने ब्रेक पाइपाला डबल फ्लेअर कसा मारावा

ब्रेक पाइपाच्या जोडातून तेल पाझरतंय म्हणून नटाच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळणारे महाभाग अजूनही भेटतात. या जोडात आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. तेल अडवतो तो पाइपाचा फुलवलेला काठ, म्हणजे फ्लेअर. तो बिघडलेला असेल तर टेप, सोल्युशन आणि पान्यावर लोंबकळणं हे सगळं वाया. जोराचा ब्रेक दाबला की या बारीक पाइपात शंभर बारच्या आसपास दाब चढू शकतो. त्यामुळे गंजलेला तुकडा कापून मधे रबरी होज आणि क्लिप लावणं, फेरुलचा (पाइपावर कडी आवळून केलेला) जोड बसवणं किंवा एकेरी (काठ एकदाच फुलवलेल्या) फ्लेअरवर भागवणं, यातलं काहीही ब्रेकला चालत नाही. एकेरी फ्लेअर एसीच्या तांब्याच्या नळीला ठीक आहे. ब्रेकमध्ये हादऱ्यांनी त्याचा काठ तडकतो.

कोल्हापुरात हे काम निघतं ते बहुधा पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या किंवा पावसाळाभर गगनबावड्यावरून कोकणात ये-जा करणाऱ्या गाड्यांवर. पाइप गंजतो तो क्लिपांच्या खाली आणि मागच्या चाकांजवळ, जिथे चिखल अडकून ओल टिकते. गंजलेल्या जुन्या पाइपावरच नवा फ्लेअर मारायच्या भानगडीत पडू नका. भिंत पातळ झालेली असते, फुलवताना फाटते. पुढच्या जोडापर्यंतचा अख्खा पाइप बदला.

आधी काढलेल्या पाइपाचं टोक बघा. आत वळवलेला, दुहेरी काठाचा शंकू दिसला तर तो डबल फ्लेअर. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत हाच असतो. टोक बटणासारखं गोल फुगलेलं असेल तर तो बबल फ्लेअर, बहुतेक युरोपीय गाड्यांतला. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. बबलसाठी त्याचंच टूल घ्या. खाली लिहिलंय ते डबलचं आहे.

पाइप ४.७५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, ०.७ मिमी भिंतीचा, ब्रेकसाठी म्हणूनच विकला जाणारा घ्या. स्टील चालेल, पण पहिल्यांदा करत असाल तर क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) बरा. तो मऊ असतो आणि गंजत नाही. एसीची तांब्याची नळी नको. नट बहुतेक गाड्यांत १० मिमीचे, १ मिमी पिचचे असतात, तरी जुना नट दुकानात नेऊन आटे जुळवाच. पाइप गरजेपेक्षा फूटभर जास्त घ्या आणि त्यावर तीन-चार फ्लेअर मारून ते फेकून द्या.

जुन्या पाइपाच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी मोजा. कापायला छोटा पाइप कटर वापरा, करवत नको. कटर दर फेरीला थोडाच आवळा, नाहीतर तोंड आत दबतं. टोक काटकोनात नसेल तर कानशीने सपाट करा, आतली बर (कापताना उठलेली धार) रीमरने काढा, बाहेरचा काठ हलका तिरका घासा. बर राहिली तर फ्लेअर तिथूनच चिरतो. पाइप उलटा धरून कीस झाडा. मग नट चढवा. दुसऱ्या टोकाचा फ्लेअर मारण्याआधी दोन्ही नट पाइपावर आहेत आणि त्यांची तोंडं टोकांकडे आहेत हे बघा. विसरलात तर टोक कापून पुन्हा सुरुवात.

आता खरी गोम. फ्लेअर बिघडतो तो स्क्रू फिरवताना नाही, त्याच्या आधी, पाइप टूलच्या पट्टीत (भोकं असलेली दोन भागांची पकड) धरताना.

पाइप पट्टीच्या वर किती काढायचा याचे मिलिमीटरमधले आकडे लोक छातीठोकपणे सांगतात. ते सोडून द्या. प्रत्येक टूलचा अडॅप्टर (टोक आधी फुगवणारं, पिन असलेलं बटण) वेगळा असतो. आपल्या संचातला ४.७५ चा अडॅप्टर पट्टीवर पाइपाशेजारी उलटा ठेवा. त्याच्या रुंद भागाची जाडी जितकी, तितकाच पाइप वर हवा. बोटाने चाचपडून दोन्ही एका पातळीत आणा. कमी निघाला तर काठ नीट दुमडत नाही आणि फ्लेअर बारका होतो. जास्त निघाला तर काठ एका बाजूला कलंडतो. पट्टीच्या भोकाला उतार असलेली बाजू वर हवी, हेही आत्ताच बघा.

दुसरा घोळ घसरण्याचा. अडॅप्टर दाबायला लागला की पाइप गुपचूप खाली सरकतो आणि तुम्हाला वाटतं फ्लेअर होतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक भागातला कुठलाही टर्नर आधी जॉब चकमध्ये घट्ट बसला का बघतो, मगच लेथ सुरू करतो. इथेही तेच. पाइप आणि पट्टीचं भोक थिनरच्या फडक्याने कोरडं पुसा. पाइपावर प्लॅस्टिकचा थर असेल तर पट्टीत येणाऱ्या भागापुरता खरवडा, शेवटी तिथे रंग लावा. पाइपाजवळचा पंखनट आधी आवळा, मग लांबचा. बोटांचा जोर पुरत नाही, पक्कड वापरा. त्यानंतर पट्टी व्हाइसमध्ये अशी धरा की जबडे तिचे दोन भाग एकमेकांवर दाबतील. पट्टीच्या खालच्या बाजूला पाइपावर मार्करने रेघ मारा. काम चालू असताना रेघ खाली गेली तर थांबा, टोक कापा, पुन्हा धरा. एवढं करूनही सरकत असेल तर पट्टीच्या भोकातले दाते झिजलेत. ती पट्टी बदला.

अडॅप्टरची पिन पाइपात घाला. पिनेला ब्रेक ऑइलचा एकच थेंब, तोही पट्टीवर ओघळू न देता. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ब्रेकची रबरं फुगतात. योक (टोकाला शंकू असलेला स्क्रू ज्यात फिरतो ती चौकट) मधोमध बसवून स्क्रू आवळत जा. अडॅप्टर पट्टीला टेकला की थांबा. काढल्यावर टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं, सगळीकडून सारखं फुगलेलं दिसायला हवं. एका बाजूला झुकलेलं असेल तर दुसरी पायरी करून ते सुधारत नाही. कापा.

आता अडॅप्टरशिवाय शंकू आत उतरवा आणि काठ उतारावर बसेपर्यंत दाबा. शंकू टेकला, हाताला घट्ट लागला, की पुरे. आणखी पिळलं की काठ पातळ होऊन तडकतो.

झालेला फ्लेअर साधारण ७ मिमी रुंद भरतो. उजेडात फिरवून बघा: चीर, ओरखडा, किंवा शिवणीच्या रेघेवर फाटलेपण दिसलं तर रद्द. पाइपात हवा मारून स्वच्छ करा.

वळणं पाइप वाकवायच्या साच्याने द्या. नटाला मागे सरकायला सरळ जागा राहू द्या. नट आधी हाताने तीन-चार आटे फिरले पाहिजेत, मग फ्लेअर नट पाना (पाइपावरून घालता यावा म्हणून चीर ठेवलेला) लावा. साधारण १५ न्यूटन-मीटर पुरतात. नवा जोड एकदा आवळून, सैल करून, परत आवळला की फ्लेअर बसतो.

डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल, त्याच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते ओता आणि पाइपातली हवा काढा. सर्वसाधारण क्रम मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा) लांबच्या चाकापासून, म्हणजे बहुधा मागचं डावं आधी. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. एबीएस असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे गॅरेजवाल्याकडे जा. रंगावर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा.

इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायला कोणाला तरी बसवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओलसर लागला तर नट थोडा आवळून परत बघा. तरीही ओला असेल तर फ्लेअर चुकलाय. पहिली चक्कर सपाट रिकाम्या रस्त्यावर, हळू. पन्हाळ्याचा उतार नंतर. दोन-तीन दिवसांनी टिश्यू पुन्हा फिरवा आणि टाकीतली पातळी बघा.