जुनी स्कॉर्पिओ, सफारी, बोलेरो घरीच दुरुस्त करताय? या चुका टाळा

सफारी १९९८ मध्ये आली, बोलेरो २००० मध्ये आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये. त्या काळातल्या आणि नंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या कितीतरी गाड्या आजही गावोगाव रोज पळताहेत. लॅडर फ्रेमची चॅसी, मागच्या चाकांना ताकद, आणि बोनेट उघडलं की हात घालायला ऐसपैस जागा. त्यामुळे यांची बरीच कामं घरच्या अंगणात होऊ शकतात, आणि मला वाटतं ती करावीतही. पंधरा वर्षं जुन्या गाडीकडे मालकाइतकं बारीक लक्ष दुसरं कोणी देत नाही.

पण घरच्या दुरुस्तीत पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच सवयीने. लक्षण दिसलं की लगेच पार्ट बदलायचा. काळा धूर आला, उतरवा इंजेक्टर. गाडी गरम झाली, आणा नवा रेडिएटर. मूळ दोष मात्र फाटक्या रबरी पाइपात किंवा चिखलाने बुजलेल्या जाळीत तसाच राहतो आणि आठ दिवसांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते. आधी कारण शोधा, मग पाना हातात घ्या.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं

ही चूक पहिली, कारण इथे पैसे नाही, जीव जातो. या गाड्या दोन टनांच्या घरात जातात. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीखाली अंग घालायचं असेल तर चॅसीखाली जॅक स्टँड लागलेच पाहिजेत, तेही सपाट आणि कठीण जमिनीवर. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरू नका. ते आधी वाकत नाहीत, एकदम फुटतात.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली की ती हलणार नाही, असं आपण धरून चालतो. पण गिअरची पकड मागच्या चाकांपर्यंत पोचते ती डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोळ्यातून. मागचं एक चाक हवेत गेलं की ते उलट्या दिशेने फिरायला मोकळं होतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाक खुशाल पुढे सरकू शकतं. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही मागचं चाक उचलता, त्याच क्षणी गिअरचा आधार संपतो. उरतो हँडब्रेक. तोही मागच्याच चाकांवर, आणि जुन्या गाडीत त्याची केबल बहुधा ढिली पडलेली. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि शेवटचं घट्ट करणंही चाकं जमिनीला टेकल्यावरच, आमनेसामनेच्या क्रमाने.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचतं, थंडीच्या दिवसांत हायवेला पोचतही नाही, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते. वर मूळ दोष झाकला जातो तो वेगळाच. थर्मोस्टॅट अडकतोय असा संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहा. त्यावर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं. त्या सुमाराला उघडला नाही तर नवा बसवा.

त्याआधी गाडी नेमकी कधी गरम होते ते नीट बघा. यावरून निम्मं निदान होतं. हायवेला काटा ठीक, पण ट्रॅफिकमध्ये किंवा कसारा, खंबाटकीच्या चढाला वर जातो, एसीही उभ्या गाडीत गार करत नाही, असं असेल तर रेडिएटरमधून हवा ओढली जात नाहीये. ज्या गाड्यांना पट्ट्यावर फिरणारा व्हिस्कस पंखा आहे, तिथे आधी संशय त्याच्या क्लचवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या जोडावर घ्या. या क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं. ते गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण जोर लावत नाही. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करा, चावी काढून घ्या, आणि पंखा हाताने फिरवून पाहा. चांगला क्लच जड लागतो आणि हात सोडताच थांबतो. हलक्या धक्क्याने पंखा गरगर फिरत राहिला तर क्लच संपला. इंजिन चालू असताना कागद किंवा कापड घालून पंखा अडवून बघण्याचा प्रकार मात्र करू नका.

उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि वेगात गरम होते, असं असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. याला मोठ्या प्रमाणात आपणच जबाबदार असतो, कारण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांमध्ये बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढाच नियम पाळा. रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या एसी कंडेन्सरमधली फट एकदा टॉर्च मारून बघा. तिथे किडे, गवताचं बी आणि चिखल यांची गादी जमलेली असते. ती हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेला धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर नाजूक जाळी आडवी होते आणि हवा कायमची अडते.

तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी हात भाजतात. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटलं की ते एका क्षणात वाफ होऊन बाहेर येतं. हेच झाकण जुनं झालं, त्याचं रबर कडक झालं, की दाब टिकत नाही आणि चांगली गाडीही उकळते. रेडिएटर बदलण्याआधी झाकण बदलून पाहा. त्यानंतरही कूलंट कमी होत राहिलं, बाहेर गळती कुठेच नाही, आणि गार इंजिन चालू करताच कूलंटच्या टाकीत बुडबुडे येऊ लागले, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी चालवणं तिथेच थांबवा.

जुन्या इंजिनाच्या युक्त्या कॉमन रेलवर वापरणं

जुन्या डीआय, म्हणजे साध्या पंपाच्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर मिस मारतोय हे शोधायला मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायचे. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर दोषी. युक्ती तिच्या काळात बरोबर होती. पण सीआरडीई आणि एमहॉक स्कॉर्पिओ, डायकॉर सफारी ही सगळी कॉमन रेल इंजिनं, म्हणजे एकाच जाड नळीत (रेलमध्ये) प्रचंड दाबाने डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना देणारी. त्यांच्या रेलमध्ये १,००० बारच्या वर दाब जातो. तुमच्या टायरमध्ये असतो साधारण सव्वादोन बार, यावरून कल्पना करा. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तो शस्त्रक्रियेचा रुग्ण असतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं काही झालं तर मलम लावून घरी बसू नका, तडक मोठं रुग्णालय गाठा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती बोट फिरवून शोधू नका, लांबून पुठ्ठा धरून बघा. उच्च दाबाच्या पाइपांना घरी हात न लावणंच शहाणपणाचं. इंजेक्टरवर संशय असेल तर रिटर्न पाइपातून प्रत्येकाचं किती डिझेल परत येतं ते मोजून घेणारा जाणकार गाठा.

अशीच दुसरी युक्ती म्हणजे डायनामो चार्जिंग करतोय का हे बघायला चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढणं. व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. साध्या मल्टिमीटरने हेच काम मिनिटात होतं. रात्रभर उभ्या गाडीत, चांगल्या चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चॅसीला किंवा बॉडीला वेल्डिंग करून घेताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. वेल्डिंगवाला गरज नाही म्हणाला तरी काढा.

काळा धूर आणि पिकअप गेला की थेट टर्बोवर संशय

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) यांच्यामधले रबरी पाइप आधी तपासा. फट बहुतेक वेळा क्लिपच्या अगदी खाली किंवा पाइपाच्या वळणाच्या आतल्या बाजूला असते, वरून बघून दिसत नाही. क्लिप सैल करून पाइप हाताने वाकवा, म्हणजे चीर तोंड उघडते. तिथे तेलकट काळा ओघळ असेल तर हवा तिथूनच सुटतेय. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. त्यानंतर एअर फिल्टर, मग काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. टर्बोचा नंबर यानंतर. ईजीआर स्वच्छ करा, पण पत्रा लावून बंद करू नका. नव्या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागतो, आणि प्रदूषणाच्या नियमांतही ते बसत नाही.

डिझेल फिल्टर बदलून नुसते सेल्फ मारत बसणं

फिल्टर बदलला की लाइनमध्ये एअर येणारच. हातपंप किंवा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ मारा, तोही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये थोडी उसंत देऊन. नाहीतर फिल्टरच्या कामात स्टार्टर मोटर जळते. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी जमलेलं पाणी अधूनमधून सोडत जा. कॉमन रेल पंपाला पाणी अजिबात चालत नाही.

डिफरन्शियलचं ऑइल काढताना आधी खालचा नट उघडणं

आधी वरचा, भरण्याचा नट उघडतो का ते बघा. तो वर्षानुवर्षं गंजून बसलेला असतो. खालून सगळं ऑइल काढून टाकलं आणि वरचा नट हललाच नाही, तर गाडी जागेवर अडकली. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढच्या डिफरन्शियललाही हाच क्रम.

सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर सील बदलत बसू नका, ॲक्सलवरचा ब्रीदर तपासा. बोटाच्या पेराएवढी ही टोपी चिखलाने बुजते, तापलेली आतली हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि तिचा दाब ऑइलला सीलमधून ढकलतो. ब्रीदर साफ करायला खर्च शून्य.

ब्रेकच्या कामात घाई

कॅलिपर काढल्यावर तो रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. होजला आतून इजा झाली तर बाहेरून काहीच दिसत नाही. ब्रेक ऑइल म्हणून टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा. पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकून ब्रेकच्या टाकीत पडलं तर रबरी सील फुगतात आणि ब्रेकची सगळी यंत्रणा उघडावी लागते. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. अशा जुन्या ऑइलवर लांब घाट उतरताना त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. नवे पॅड बसवल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि अंगणाच्या भिंतीपर्यंतचं अंतर फार थोडं असतं.

खडखडाट आला की शॉकॲब्सॉर्बर बदलणं

गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्क’ असा आवाज येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघा आणि निपलमधून ग्रीस मारा. पुष्कळदा कोरडा पडलेला स्लायडिंग जोडच आवाज करत असतो. सस्पेन्शनचे रबरी बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी उचललेली असताना पक्के करू नका. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेलं राहतं. नवे बुश काही महिन्यांत फाटतात आणि दोष पार्टला दिला जातो. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मग टॉर्क द्या.

गंजावर काळा रंग मारणं

कोकणात, गोव्यात समुद्राजवळ गाडी राहत असेल तर हा मुद्दा इंजिनाहून महत्त्वाचा मानावा. गंज न खरवडता वरून अंडरकोटिंग मारलं की खाली ओल अडकते आणि पत्रा आतून खात जातो. वरून मात्र गाडी छान दिसते. चॅसीच्या पोकळ भागात चिखल साठतो, तो पाणी सोडून खालच्या भोकांतून वाहून जाऊ द्या, आणि ती भोकं तारेने मोकळी ठेवा. लीफ स्प्रिंगचे किंवा बॉडीचे माउंटिंग जिथे चॅसीला जोडलेत, तिथे छोटी हातोडी हलकेच वाजवत जा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर घरचं काम थांबवा. गाडीचा भार पेलणाऱ्या भागाचं वेल्डिंग, उच्च दाबाची डिझेल लाइन, एअरबॅग आणि एसीचा गॅस ही कामं गॅरेजचीच. तिथे जाताना ‘अमुक पार्ट बदला’ असं सांगू नका. किती वेळ चालल्यावर, चढाला की सपाटीला, गार इंजिनात की गरम, एवढं लिहून न्या. काढलेलं इंजिन ऑइलही कॅनमध्ये भरून त्यांच्याकडेच द्या. गटारात किंवा बांधावर ओतू नका.