डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? आधी मेडिकल बोर्डाचं ते एक पान वाचा

कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या घरी महिन्याला दोन-तीन जण तरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. मी फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो, २००६ साली सुभेदार म्हणून घरी आलो. "साहेब, मला किती त्रास होतो ते ट्रायब्युनलला सांगायचंय," असं प्रत्येक जण म्हणतो. मी चहा ठेवायला सांगतो आणि समजावतो: भाऊ, ट्रायब्युनल म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ते तुमचा त्रास मोजत नाही. बोर्डाने नकाराचं कारण लिहिलंय का आणि ते नियमात बसतं का, एवढंच ते तपासतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे फौज सोडताना झालेल्या डॉक्टरी तपासणीच्या अहवालाची, पूर्ण प्रत मिळवणं. घरी नसेल तर तुमची सेवेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. त्यात बोर्डाच्या मताचं एक पान असतं. प्रत्येक आजारासमोर रकाने असतात: सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, आणि शेवटी कारण. बहुतेकांच्या पानावर दोन्हीकडे 'नाही' असतं आणि कारणाच्या जागी चार शब्द. तो कारणाचा रकाना लाल पेनाने अधोरेखित करा.

या रकान्याला एवढी किंमत आली ती धरमवीर सिंग यांच्या खटल्यामुळे. सिग्नल्सचा (फौजेच्या संदेशवहन दलाचा) हा शिपाई १९८५ ला भरती झाला आणि फिट्स येतात म्हणून १९९४ ला २० टक्के अपंगत्वावर बोर्ड आऊट झाला, म्हणजे आजारामुळे त्याला सेवेतून काढलं. पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि आजार भरतीच्या तपासणीत दिसला नसता असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहावीच लागतात.

माझंच सांगतो. माझं बीपी २००२ मध्ये एका पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठाण्यावर, सापडलं. बोर्डाने ३० टक्के अपंगत्व दिलं आणि नकाराचं कारण लिहिलं: 'पीस स्टेशनवर सुरुवात, सेवेच्या ताणाशी संबंध नाही.' त्याआधीची अडीच वर्षं मी सीमेवर पूंछला होतो, ती कुणी पाहिलीच नाहीत. पहिलं अपील एका ओळीत फेटाळलं आणि मी गप्प बसलो, ही माझी मोठी चूक. धरमवीरचा निकाल वाचून २०१४ ला ट्रायब्युनलकडे अर्ज केला, सोबत पोस्टिंगची तारीखवार यादी जोडली. पुढच्या वर्षी आदेश मिळाला. पण थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळाली, कारण २००८ च्या तरसेम सिंग निकालात तशी मर्यादा आहे. मधली पाच वर्षं गेली ती गेलीच.

तेव्हा नकाराचं पत्र आल्यावर घरात ठेवू नका. आधी खात्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि मग ट्रायब्युनल. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज सोबत जोडा. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही. मात्र २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतर पंधरा वर्षं उलटून मागणी केली, तर सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. वकील हवाच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. समोर एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ फौजी अधिकारी असतात. त्यांना पोस्टिंग म्हणजे काय ते समजावावं लागत नाही.

टक्के वाढवून मागण्यात जोर घालवू नका. टक्का डॉक्टरांचा विषय, तिथे फार तर पुन्हा बोर्ड बसवायला सांगतात. त्यापेक्षा राउंडिंग, म्हणजे टक्का वरच्या ठरलेल्या आकड्यावर नेणं, मागा. ५० च्या खाली असेल तर ५० धरतात, आणि नियमित निवृत्त झालेल्यांनाही ते लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सांगितलं. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, असा हिशेब. पगार ६०,००० असेल तर ३० टक्क्यांना ५,४००, पण ५० धरल्यावर ९,०००. सप्टेंबर २०२३ नंतर घरी आलेल्यांनी मात्र आधी नवे नियम पाहावेत.

खोटी आशा मी कुणाला दाखवत नाही. पूर्ण सेवा करून निवृत्त झालात आणि अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली असेल, तर २०१९ च्या राठोर निकालाने तो रस्ता बंद केलाय. रजेवर गावी असताना मोटारसायकलवरून पडलात, तर ड्युटीशी धागा जोडून दाखवावा लागतो, आणि तो सहसा जुळत नाही. अशा एका पोराला मी परत पाठवलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जिंकल्यावर सरकार वर जाऊ शकतं. सुप्रीम कोर्टात थेट जायला सर्वसाधारण महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो. हायकोर्टाचा रस्ता मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने पुन्हा मोकळा झाला. तिथे पुरावा नव्याने तोलत नाहीत, ट्रायब्युनलने कायदा चुकवला का एवढंच पाहतात. त्यामुळे कारणाचा रकाना आणि पोस्टिंगची यादी हे दोन्ही ट्रायब्युनलच्या अर्जातच असू द्या. तिथे राहिलेला कागद वर कामाला येईल असं धरू नका.

आदेश झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. दिलेली मुदत संपली की एक्झिक्युशनचा, म्हणजे आदेश अमलात आणायचा, अर्ज टाका. सुधारित पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) हातात आला की दोनच गोष्टी वाचा: टक्का ५० लिहिलाय ना, आणि बोर्डाने आजन्म दिलं असेल तर त्यापुढे 'फॉर लाइफ' आहे ना. माझ्या पीपीओवर ते दोन शब्द राहिले होते, आणि ते लिहून घ्यायला मला आणखी सात महिने लागले.